पडद्याआडचं फ्रेंच

पुण्याहून कोंढ्याला मी फ्रेंच शिकवायला गेले होते असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग कोंढा कुठे आहे ते विचारतात. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. तिथे फ्रेंच कोण शिकतं, हा पुढचा प्रश्न. शुभांगी शिकते. सव्वीस वर्षांची आहे, नर्स आहे, आणि कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या एका इस्पितळात तिची जागा जवळजवळ ठरलेली होती. जवळजवळ अशासाठी, की फ्रेंचची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. एकदा देऊन झाली होती. लेखीत उत्तम गुण आणि तोंडीत नापास. दुसरी संधी जानेवारीअखेर नागपूरला होती, आणि त्यानंतर इस्पितळ थांबणार नव्हतं.

मी निवृत्त प्राध्यापिका. दीड वर्ष तिला ऑनलाइन शिकवत होते. तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ उच्चार माझ्या कानावर पडला नव्हता. मैत्रिणींना तिची रेकॉर्डिंग ऐकवून मी बराच भाव खाल्ला होता. अशी मुलगी तोंडीत नापास होते कशी, ते मला कळेना. "घाबरले मॅडम," एवढंच ती सांगायची. परीक्षेआधी आठ दिवस तिच्याजवळ राहावं, भीती मोडून काढावी, म्हणून मी निघाले. आणि खरं सांगायचं तर माझ्या शिकवण्याच्या नावाचाही प्रश्न होता.

कोंढा

नागपूरपर्यंतचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देते. भंडाऱ्याच्या वाटेवर जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या बसगाड्यांमागे आमची एसटी बराच वेळ रेंगाळली, तेव्हा शेजारच्या बाईंनी ओळखदेख नसताना माझ्या ओंजळीत बोरं ओतली. पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी पर्स घट्ट धरली असती. इथे मी निमूट बोरं खाल्ली आणि बिया कुठे टाकायच्या या विचारात भंडारा आलं. पुढे पवनीच्या गाडीत बसले. धान केव्हाच निघालं होतं आणि भाताच्या त्या बांध्यांमधून लाखोळीची डाळ हिरवीगार माजली होती, मध्येमध्ये तिची निळी फुलं. मला वाटलं होतं थंडीत सगळं उघडंबोडकं दिसेल.

फाट्यावर शुभांगीचे वडील देवाजी सायकल घेऊन उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, गळ्याला मफलर. माझी बॅग कॅरिअरवर बांधून ते सायकल हातात धरून चालू लागले. आवाज इतका हळू, की मला दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं.

"सवय हाये जी," ते म्हणाले. "मी प्रॉम्प्टर हावो. मोठ्यानं बोललो का नाटक खराब होते."

त्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. आज या गावात एक, उद्या त्या गावात दुसरं, परवा तिसरं. तालमीला वेळ कुणाकडे नसतो. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि सगळं नाटक अखंड पुरवत राहतो. देवाजींचं हेच काम, तीस वर्षांपासून. यंदा ऐन हंगामात त्यांनी आठ रात्रींच्या प्रयोगांची बोलावणी सोडली होती, मुलीच्या परीक्षेसाठी.

घरी पोचताच मी पहिला पराक्रम केला. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, ते मला कळलं तेव्हा माझ्या बुटांचे सात ठसे दारापर्यंत उमटले होते. शुभांगीची आई कुसुमकाकू दारात उभ्या होत्या. "राहू द्या जी, पाहुणा आला हे गावाले समजन," त्या म्हणाल्या, आणि मला पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला लाखोळीची भाजी, वरण आणि घरच्या तांदळाचा भात होता. मी पोळी शोधत होते, ते काकूंनी ओळखलं. "पोळी उद्या करतो. आज भात खाऊन पाहा, तुमच्या पुण्यात असा नसन." नव्हताच. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

संध्याकाळी सपरीत, म्हणजे त्यांच्या पुढच्या ओसरीत, पहिला धडा झाला. माझ्या मागे भिंत, शुभांगीच्या मागे आतल्या खोलीचं दार, दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. ऑनलाइन वर्गात दीड वर्ष दिसणारा हाच तो पडदा.

फ्रेंच क्रियापदांचं दुखणं वाचकांना थोडक्यात सांगते. कागदावर जितकी अक्षरं असतात तितकी तोंडात येत नाहीत. शेपटाकडची बरीच नुसती लिहायला असतात. शिवाय फ्रेंच माणूस शब्द सुटे ठेवत नाही. आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन उचलून पुढच्या शब्दाच्या डोक्यावर ठेवतो. 'आमच्याकडे आहे' म्हणायचं असेल तर लिहिताना शेवटी मुका 'एस' असलेला 'नू' आणि 'आव्हों' हे दोन शब्द, बोलताना मात्र त्या एसचा 'झ' होऊन 'नू-झा-व्हों'. तीन ठोके, तिन्ही सारखे, शेवटचा जरासा लांबवलेला. आमची मराठी जीभ शब्दाशब्दाला थांबते आणि भलत्याच ठिकाणी जोर देते. माझे पुण्याचे हुशार विद्यार्थी चार वर्षांनंतरही तिथेच अडखळतात. शुभांगी अडखळली नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली. 'नू-झो-रों', आमच्याकडे असेल. 'इल-झा-रीव्ह', ते पोचतात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बोडीच्या पाळीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी आयते केले होते, तांदळाच्या पिठाचे, जाळीदार, आमच्या घावनाचे गावाकडचे भाऊ. ते खाऊन मी शुभांगीला म्हटलं, "चल, आज चालता चालता बोलू." गावाबाहेर एक बोडी आहे, शेताला पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, कोवळं ऊन होतं, पाण्यात पांढरे बगळे उभे होते. मी सहज विचारलं, 'येणे'चा भविष्यकाळ सांग. काल तिने तो धडाधड म्हटला होता.

तिने चालणं थांबवलं.

'मी येईन'ने सुरुवात कर, मी म्हटलं. ती पाण्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी 'असणे' विचारलं. मग 'जाणे'. मग अगदी पहिल्या आठवड्यातलं 'बोलणे'. एखादं रूप यायचं, तेही शब्द तोडून, माझ्या कच्च्या विद्यार्थ्यांसारखं. तिच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. आम्ही परत आलो. काकूंनी चहा दिला, मी सपरीत तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि 'झ्य-व्ह्यँ-द्रे' असा स्वच्छ, गोल, तीन ठोक्यांचा भविष्यकाळ माझ्यासमोर हजर झाला.

त्या वेळी मी योगायोगाने जागा बदलली होती. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पडद्याजवळ सरकले होते. त्यामुळे मला तो आवाज दोनदा ऐकू आला. आधी पडद्याआडून, श्वासाइतका हलका, फक्त पहिला तुकडा. मग शुभांगीचा, पूर्ण.

मी उठून पडदा सरकवला. आत देवाजी मांडी घालून बसले होते. मांडीवर दोनशेपानी वही, डोळ्यांवर चष्मा. दचकले नाहीत, लपवालपव केली नाही. "या जी," म्हणाले.

माझा पारा चढला. "हे किती दिवस चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून," शुभांगी शांतपणे म्हणाली. "बाबा फक्त पहिलं अक्षर देतात मॅडम. बाकी माझं मीच म्हणते."

"ही कॉपी आहे!"

"कॉपी?" देवाजींना खरंच लागलं. "कॉपीत चिठ्ठी असते म्याडम. हे तं प्रॉम्प्टिंग होय."

पुण्याच्या रंगमंदिरात प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेत आला तर नटाची अब्रू जाते. इथे तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. उलट प्रयोग चांगला झाला की लोक प्रॉम्प्टर कोण होता म्हणून विचारतात. त्या घरात शुभांगी लहानपणी कविता म्हणायची तेव्हाही पहिलं अक्षर बाबांचं असायचं. त्यांच्या लेखी यात चोरण्यासारखं काही नव्हतंच. नागपूरच्या परीक्षेच्या खोलीत मात्र बाबा नव्हते, आणि ती नापास झाली.

मी चिडले होते, आणि त्याहून जास्त माझी फजिती झाली होती. दीड वर्ष ज्या कानाचं मी कौतुक करत फिरले, तो कान सातवी शिकलेल्या या माणसाचा होता. बॅग भरून ठेवायची आणि सकाळच्या गाडीने निघायचं असं मी ठरवलं.

जाण्याआधी ती वही मात्र बघायला मागितली. ती बघायला नको होती, कारण मग जाणं अवघड झालं. देवाजींना फ्रेंच अक्षरं येत नाहीत. दीड वर्ष पडद्याआडून माझा आवाज ऐकून त्यांनी देवनागरीत सगळं उतरवलं होतं, नाटकाच्या संहितेत करतात तशा श्वासाच्या तिरप्या रेघा मारून. एकही शब्द कागदावरच्या फ्रेंचसारखा तोडलेला नव्हता. जिथे तोंड तोडतं तिथेच रेघ होती. 'ए-ला-बीत', ती राहते. 'इल-झों', त्यांच्याकडे आहे. मी हे नियम म्हणून शिकवते, पुस्तकाच्या मधल्या प्रकरणात. त्यांच्या वहीत ते पहिल्या पानापासून होतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगन? नटाच्या तोंडात शब्द नसतेत जी. तोंडात श्वास असते. तो कुठं तुटते तेवढं पाहा लागते."

पवनीजवळ

पुढच्या सकाळी देवाजी माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "जाऊन राहिले तं जा, पण मी काय करतो ते एकदा पाहून घ्या." पवनीजवळच्या एका गावात हौशी मंडळींची एकुलती एक तालीम होती, दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात. आम्ही एसटीने गेलो.

नट मंडळी शेतातून आली होती. एकाच्या पायाला चिखल होता आणि तो जमीनदार झाला होता. देवाजी खांबाआड बसले आणि वाचू लागले. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ते सगळं वाचत नव्हते. कुणाला पूर्ण वाक्य देत होते, कुणाला एक शब्द, आणि वकील झालेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला काहीच देत नव्हते.

"त्यांना का नाही दिलं?" मी नंतर विचारलं.

"त्याले येते. मान पाहाची जी. ज्याले आठवत नाही त्याची मान जराशी आमच्याकडे वळते. ज्याले येते त्याची मान हालत नाही. तिथं आपून बोललो तं त्याचा अपमान होते."

"मग शुभांगीची मान?"

व्हरांड्याच्या कडेला बसून त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"नऊ वर्साची होती तवापासून मी तिची मान पाहालीच नाही," ते म्हणाले. "देतच गेलो. मले आवडे ना जी. पयले माहा आवाज, मंग तिचा. माह्यामुळंच नापास झाली पोरगी."

मला त्यांचा राग येईना. मी तरी दीड वर्ष तिचं काय पाहिलं होतं? माझं कौतुक ऐकत बसले होते. परतीच्या गाडीत मी विचारलं, नवीन नटी आली, तिला तुमच्यावाचून उभं करायचं असेल तर काय करता? त्यांनी सांगितलं. आधी पूर्ण वाक्य. मग पहिला शब्द. मग पहिलं अक्षर. मग नुसता श्वास घेतल्याचा आवाज. मग काहीच नाही, फक्त समोर बसायचं. आणि शेवटी उठून जायचं.

घरी पोचल्यावर मी बॅग उघडली आणि कपडे पुन्हा खुंटीला लावले.

पुन्हा कोंढा

उरलेले दिवस आम्ही तिघांनी मिळून काढले. पुस्तक मी बाजूला ठेवलं आणि देवाजींच्या वहीतून शिकवलं. पडदा काकूंनी काढून धुवायला टाकला. देवाजी उघड्यावर, शुभांगीसमोर बसले. पहिल्या दिवशी पहिलं अक्षर, दुसऱ्या दिवशी नुसता श्वास. त्या दिवशी शुभांगी दोनदा रडली आणि एकदा माझ्यावर ओरडली. तिने वही फेकली, देवाजींनी ती उचलून झटकली, आणि पुन्हा जागेवर बसले. मला परीक्षेपेक्षा हे कठीण वाटलं.

काकू सुपात तांदूळ निवडत ऐकत असायच्या. एकदा त्या देवाजींना म्हणाल्या, "तिथं कॅनडात कोनी पेशंट काही विचारन, तवा इथून तुमचा आवाज पोचन का?" त्यानंतर तांदळातले खडे ताटलीत पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा बोडीवर गेलो, तिघंही. देवाजींना मी पाळीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, दिसतील पण ऐकू येणार नाहीत इतक्या लांब. मी शुभांगीला विचारलं, नोकरी मिळाली तर पहिल्या वर्षी काय काय करशील? तिने तोंड उघडलं आणि थांबली. मान किंचित वळली, वडिलांच्या दिशेने. मी मोजत होते. सात, आठ, नऊ. पलीकडे देवाजी अर्धवट उठले. ते आता ओरडून सांगणार, अशी माझी खात्री झाली.

शुभांगीने त्यांच्याकडे हात केला. "बाबा, थांबा!" ती मोठ्याने म्हणाली. "मले येऊन राहिलं."

ते तसेच उभे राहिले, गुडघे वाकवून. मग आलं. आधी अडखळत, एक रूप चुकीचं, ते तिने स्वतःच मागे जाऊन सुधारलं. मग एकामागून एक वाक्यं, व्यंजनं पुढच्या शब्दावर नीट चढलेली, ठोके सारखे. उच्चार पूर्वीइतका गोल नव्हता, थोडा खरखरीत होता. पण तो तिचा होता, आणि मी दीड वर्षात प्रथमच तिचं फ्रेंच ऐकत होते. माझे डोळे भरून आले, ते मी बगळे बघण्याच्या निमित्ताने पुसले. देवाजी खाली बसले. तिथून त्यांना एक अक्षर ऐकू आलं नसणार.

नागपूर

परीक्षेच्या सकाळी काकूंनी अंगण सारवलं आणि मला मागच्या दाराने काढलं. "येताना कशीबी या, जाताना पाय उमटले का मले दिवसभर दिसतेत," त्या म्हणाल्या. शुभांगीने त्यांच्या पाया पडताना काहीतरी फ्रेंचमध्ये म्हटलं, काकूंनी "हो हो, तेच," म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

केंद्र एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. शुभांगीला आत बोलावलं आणि दार लागलं. दाराला वीतभर काच होती. त्यातून परीक्षकांचा चष्मा दिसत होता आणि शुभांगीची पाठ, वेणी बाजूला घेतल्यामुळे उघडी पडलेली मान. आवाज अजिबात येत नव्हता. देवाजींनी पिशवीतून वही काढली आणि काचेपासून दोन हातांवर, भिंतीला टेकून उभे राहिले. विंगेत उभे राहत असतील तसेच.

परीक्षकांनी काहीतरी विचारलं. देवाजींचे ओठ हलू लागले. कोणता प्रश्न आहे हे त्यांना कळणं शक्य नव्हतं, तरी हलत होते. मी त्यांना थांबवलं नाही. ते तिच्या मानेकडे बघत होते, आणि मीही बघत होते.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. शुभांगी उत्तीर्ण झाली, उन्हाळ्यात जाणार आहे. फोनवर ते ऐकून मी आनंदाने ओरडले हे खरं. पण मला तो निकाल त्याच दिवशी, त्या काचेतून कळला होता.

काचेपलीकडे पाच मिनिटं झाली, दहा झाली. शुभांगीचे हात हलत होते, खांदे हलत होते, एकदा ती हसली असावी, कारण परीक्षकही हसले. मान हलली नाही. देवाजींचे ओठ केव्हा थांबले ते मला कळलं नाही. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी वही मिटली होती आणि मफलरच्या टोकाने ते चष्मा पुसत होते. परीक्षा अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"चाला म्याडम," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं पुन्हा न विचारता ऐकू आलं. "खाली चाय पिऊ. इथं आता आपलं काम नाही."